कर्मस्थान देणारा मित्र

४ जून १९४७ रोजी धर्मानंद कोसंबींनी सेवाग्रामच्या आश्रमात देह ठेवला. आदल्याच दिवशी फाळणीची योजना जाहीर झाली होती. सगळ्या देशाचे कान दिल्लीकडे लागले होते. ज्यांच्यावरच्या विश्वासाने कोसंबी अखेरच्या दिवसांत वर्ध्याला आले, ते गांधीजीही तेव्हा सेवाग्रामात नव्हते. ऑगस्ट १९४६ मध्ये ते तिथून निघाले ते पुन्हा परतलेच नाहीत. तरीही ५ जूनच्या प्रार्थनासभेत, त्या धुमाळीत, ते कोसंबींविषयी बोलले. गाजावाजा न करता काम करणारी माणसे लोकांच्या ध्यानात राहत नाहीत, अशा आशयाचे ते बोलणे होते. ते किती खरे होते, हे पुढच्या पाऊणशे वर्षांनी दाखवून दिले आहे.

सेवाग्रामला येणारा माणूस आदी निवास पाहतो, बापू कुटी पाहतो, परचुरे शास्त्रींच्या कुटीपाशी थांबतो. कोसंबी इथे गेले हे ज्यांना ठाऊक असते त्यांनाही बहुधा एवढेच ठाऊक असते, की त्यांनी अन्न सोडले होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यातला अखेरचा महिना तेवढा लोकांच्या आठवणीत उरला. कोसंबी कोणाचे विद्यार्थी होते, कोणाचे शिक्षक होते, आणि त्यांच्याकडे शिकायला आलेल्या माणसांशी त्यांचे नाते काय होते, हे मात्र मागे पडले. हे पुस्तक त्या नात्याविषयी आहे. मला ते कोसंबींच्या साऱ्या आयुष्याचा गाभा वाटते. त्यांनी मठ काढला नाही, गादी निर्माण केली नाही, कोणाला कंठी बांधली नाही. ध्यान शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचा मित्र असले पाहिजे, असे जो ग्रंथ सांगतो त्याच्यावर त्यांनी आयुष्यातली तीसेक वर्षे घालवली. ग्रंथ शोधताशोधता ते स्वतः तसे झाले.

तो ग्रंथ म्हणजे बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातल्या अनुराधपुरात, महाविहारात बसून लिहिलेला. तेवीस प्रकरणे, शील, समाधी आणि प्रज्ञा असे तीन टप्पे. ध्यानाचा भाग तिसऱ्या प्रकरणात सुरू होतो, आणि आसन कसे घालावे याने तो सुरू होत नाही. आसनाच्या कितीतरी आधी शिकवायला माणूस कोण शोधावा, हे येते. बुद्धघोष त्या माणसाला 'कर्मस्थान देणारा कल्याणमित्र' म्हणतो. कर्मस्थान म्हणजे चित्ताला काम करायला दिलेली जागा. श्वास असेल, मैत्री असेल, मातीचे मंडल असेल, मरणाची आठवण असेल. अशी एकूण चाळीस. यांतले कोणाला कोणते द्यावे, हे देणाऱ्याने ठरवायचे आणि तेही समोरच्याचा स्वभाव पाहून. कोणी रागचरित, म्हणजे आसक्तीकडे ओढ असलेला. कोणी द्वेषचरित, कोणी मोहचरित. कोणी श्रद्धेने चालणारा, कोणी बुद्धीने, कोणी सदा तर्कवितर्कांत गुंतलेला. हा स्वभाव ओळखायचा कसा? तो चालतो कसा, झोपतो कसा, झाडतो कसा, जेवतो कसा, चीवर कसे नेसतो, ते पाहून. एका भेटीत, एका प्रवचनात हे कळत नाही. त्यासाठी एकत्र राहावे लागते.

शिष्याने काय करायचे तेही बुद्धघोष बारकाईने लिहितो. आचार्याकडे जाताना आपले पात्र-चीवर आपणच वाहायचे, दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचे नाही. विहारात पोचल्यावर आधी दुसऱ्या कोणाच्या खोलीत विसावायचे नाही. तिथे आचार्याविषयी अढी असलेला कोणी भेटला, तर तो मन कलुषित करून टाकील. आल्या आल्या कर्मस्थान मागायचे नाही. आधी सेवा करायची. लहान, मध्यम आणि मोठे असे तिन्ही मापांचे दातवण पुढे ठेवायचे, गार आणि ऊन दोन्ही पाणी ठेवायचे. तीन दिवसांत आचार्य काय वापरतात ते ध्यानात घ्यायचे आणि मग रोज तेच द्यायचे. 'का आलास?' असे त्यांनी विचारले की मग सांगायचे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला हा मजकूर वाचताना मला दर वेळी भरून येते. आचार्य शिष्याला पारखतो आहे, आणि त्याच तीन दिवसांत शिष्यही आचार्याला ओळखू लागला आहे. दातवणाची लांबी पाहतापाहता माणसाची सवय कळते आणि सवयीतून माणूस. या ओळखीनंतर जे दिले जाते ते साधनेचे सूत्र.

कोसंबींना असा मित्र सहज मिळाला नाही. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षण असून नसल्यासारखे. नारळाच्या बागेची देखभाल करत वाचायचे. एका बालमासिकातल्या लेखातून त्यांना बुद्ध प्रथम भेटला आणि मग त्यांना दुसरे काही सुचेना. डिसेंबर १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई होत्या, आणि त्यांच्या कडेवर त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. कोसंबींच्या शोधाचे कौतुक करताना त्या शोधाची किंमत कोणी भरली, हे नोंदले पाहिजे. सुमारे सात वर्षे ती बाळाबाईंनी भरली. 'निवेदन' या १९२४ साली आलेल्या आत्मचरित्रात कोसंबी आपल्या धडपडीविषयी फार मोकळेपणाने लिहितात. त्यांच्या घरच्यांचे या काळातले आयुष्य मात्र आपल्याला ओळींच्या मधल्या जागेत वाचावे लागते.

पुण्यात ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत पाहायचा म्हणून १९०२ च्या सुरुवातीला नेपाळात गेले. तिथे जे दिसले त्याने ते खिन्न झाले. बुद्धगयेला कळले की जे हवे आहे ते सिंहलद्वीपात मिळेल. हातात पैसे नाहीत, भाषा येत नाही. तरी ते कोलंबोला पोचले आणि विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या पायाशी बसले. तिथेच श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात उपसंपदा घेतली, भिक्षू म्हणून राहिले, ध्यानाचा अभ्यास केला, कुशिनारा आणि सारनाथ पायाखाली घातले. सुमंगलाचार्य त्या काळचे थोर पंडित, त्यांचा विद्यार्थ्यावर जीव. पण हवा आणि अन्न कोसंबींना मानवेना. ब्रह्मदेशात एकांत मिळाला, पण शरीर साथ देईना. जिथे गुरू मिळाला तिथे राहता आले नाही आणि जिथे राहता आले तिथे सगळे मिळाले नाही. म्हणून की काय, पुढे जो कोणी त्यांच्यापाशी शिकायला आला, त्याला त्यांनी कधी परका मानले नाही. हा माझा तर्क आहे, पण त्यांचे पुढचे आयुष्य त्याला आधार देते.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्यात पाली शिकवू लागले, आशुतोष मुखर्जींच्या विद्यापीठात त्यांना चांगली जागा मिळाली, बाळाबाई परत संसारात आल्या, १९०७ मध्ये दामोदर जन्मला. हाच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. पण कोसंबींना महाराष्ट्रात पाली आणायची होती. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले आणि त्या पन्नास रुपयांवर कलकत्त्याचा पगार सोडून ते पश्चिमेकडे निघून आले. बडोद्यातल्या त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक 'बुद्ध, धर्म आणि संघ' १९१० साली निघाले. मराठी वाचकाला बुद्धाचा धर्म मूळ पालीच्या आधाराने आणि साध्या भाषेत सांगणारे एवढे चांगले पुस्तक त्याआधी नव्हते.

याच काळात त्यांच्याकडे एक विद्यार्थी आला. वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठा, हार्वर्डचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. जेम्स हॉटन वुड्स. पतंजलीच्या योगसूत्रांचे भाष्यांसह इंग्रजी भाषांतर करणारा हा माणूस हिंदुस्थानात आला आणि पाली शिकण्यासाठी कोसंबींपुढे बसला. शाळेचे धड शिक्षण नसलेला गोमंतकीय शिक्षक आणि अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यापीठातला अध्यापक-विद्यार्थी. या नात्यात कोण मोठा हा प्रश्न दोघांनाही पडला नसावा. वुड्सनीच कोसंबींना हार्वर्डला बोलावले. तिथे हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने 'विसुद्धिमग्गा'चे संपादन अर्धवट सोडून १८९९ मध्ये जगाचा निरोप घेतला होता. ते काम पुरे करायचे होते. १९१० मध्ये कोसंबी बोस्टनला पोचले.

पुढे जे झाले त्याची कथा या पुस्तकात सविस्तर येईलच. संपादनाचे श्रेय कोणाला द्यावे यावरून हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक चार्ल्स लॅनमन आणि कोसंबी यांच्यात वाद झाला, आणि १९१२ मध्ये काम तसेच टाकून कोसंबी परत आले. एखाद्याचे सारे संबंध इथेच संपले असते. वुड्सनी ते संपू दिले नाहीत. १९१८ ते १९२२, मग १९२६-२७, मग १९३१-३२ असे कोसंबी आणखी तीनदा हार्वर्डला गेले. मधल्या काळात गुरू आणि शिष्याने मिळून मज्झिम निकायावरची बुद्धघोषाची अट्ठकथा, म्हणजे भाष्य, 'पपंचसूदनी' संपादित केली. तिचे पहिले दोन भाग लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९२२ आणि १९२३ मध्ये काढले. मुखपृष्ठावर नावे दोघांची आहेत, शेजारीशेजारी. एकाने दुसऱ्याला अक्षरे शिकवली आणि काही वर्षांनी दोघे एकाच पोथीवर वाकून पाठभेद ठरवू लागले, हा प्रवास मला कोणत्याही दीक्षाविधीपेक्षा मोलाचा वाटतो. वुड्स १९३५ मध्ये गेले. 'विसुद्धिमग्ग' हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून निघाला तो १९५० साली. तोवर वॉरन, वुड्स, लॅनमन, कोसंबी यांच्यापैकी कोणीच उरले नव्हते. देवनागरी आवृत्ती मात्र कोसंबींनी वाट न पाहता १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला रोमन लिपीची पायरी चढावी लागू नये, हा त्यांचा साधा विचार. बुद्धघोषावर एवढे प्रेम असूनही, हा बुद्धगयेजवळचा ब्राह्मण होता ही परंपरागत कथा त्यांनी मानली नाही. तो दक्षिणेकडचा असावा असे पुरावे देऊन मांडले. ज्याच्याकडून ध्यानमार्ग शिकलो त्याचे चरित्रही तपासून घ्यायचे, ही त्यांची वृत्ती होती.

पण कोसंबींच्या शिष्यांमध्ये मला सर्वांत जवळचे वाटतात ते पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली होती. शिकवायला माणूस हवा होता. त्या वर्गांतून जी मुले बाहेर पडली त्यांनी महाराष्ट्रातले पालीचे अध्ययन पुढची पन्नास वर्षे उभे ठेवले. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी दीघनिकायाचा मराठी अनुवाद हाती घेतला. ना. के. भागवतांनी मुंबईत पाली शिकवली आणि देवनागरीत पाली ग्रंथ काढले. आणि बापट. यांनी आपल्या आचार्याच्या आयुष्यभराच्या ग्रंथाला एक असा प्रश्न विचारला जो आचार्यालाही विचारता आला नव्हता, कारण त्यासाठी चिनी येणे भाग होते.

प्रश्न असा. 'विसुद्धिमग्गा'च्या आधी उपतिस्स नावाच्या स्थविराने 'विमुत्तिमग्ग' नावाचा ध्यानग्रंथ लिहिला होता. मूळ पाली हरवली, सहाव्या शतकातले चिनी भाषांतर तेवढे शिल्लक राहिले. बुद्धघोषाने तो ग्रंथ पाहिला होता का? माणसांचे स्वभाव कशामुळे बनतात हे सांगताना बुद्धघोष 'काही जण असे म्हणतात' म्हणून एक मत देतो आणि ते अपुरे ठरवतो. टीकाकार धम्मपालाच्या म्हणण्याप्रमाणे हे 'काही जण' म्हणजे उपतिस्स. बापटांनी चिनी शिकून दोन्ही ग्रंथ ओळीने ताडून पाहिले. ते मत खरोखरच 'विमुत्तिमग्गा'त आहे, हे दाखवले. त्यांचे हे तौलनिक अध्ययन १९३७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाले. गुरूने ज्या पायवाटेवरून नेले तिच्या खाली आणखी जुनी वाट आहे, हे शिष्याने शोधून काढले. यात कुठे गुरूला मागे टाकल्याचा आवेश नाही. कोसंबी दिलेल्या विषयावर जसे काम करायला शिकवत तसेच हे काम आहे. तिसऱ्या प्रकरणातल्या ज्या भागात आचार्याने शिष्याचा स्वभाव ओळखून कर्मस्थान द्यावे असे सांगितले आहे, नेमक्या त्याच भागाने बापटांना आयुष्यभराचा विषय दिला, हा योग मला विलक्षण वाटतो.

इथे वाचक विचारील, हे सगळे ग्रंथसंपादन झाले. ध्यान कुठे आहे? कोसंबी ध्यानाचे आचार्य होते असे म्हणायचे तर शिबिरे कुठे होती? शिबिरे नव्हती. १९२२ मध्ये हार्वर्डचा चांगला पगार सोडून ते गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात आले आणि तिथल्या वर्षांत त्यांनी 'समाधिमार्ग' हे छोटे पुस्तक लिहिले. ते १९२५ मध्ये आले. त्यात 'विसुद्धिमग्गा'तली कर्मस्थाने सामान्य माणसाला कळतील अशी मांडली आहेत. एकाही ठिकाणी चमत्काराचे आमिष नाही, सिद्धीची बढाई नाही. आश्वास-प्रश्वासावर लक्ष कसे ठेवावे, मैत्री कशी वाढवावी, मन कुठे चुकारपणा करते, हे तो माणूस स्वतः बसून पाहिल्यासारखे सांगतो. आपल्याकडे ध्यानावर लिहिलेल्या पुस्तकांत इतका निरलंकार हात क्वचितच दिसतो. खरी गोष्ट अशी, की कोसंबींनी पाली आणि ध्यान कधी वेगळे केले नाही. ज्याला पाली शिकवली त्याला बुद्धाचे मूळ बोल हातात दिले, आणि त्या बोलांतच पुढचे काम होते. मधे दलाल नको, ही त्यांची भूमिका होती.

त्यात जातीचा दलालही आला. १९३७ मध्ये परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, जुगलकिशोर बिर्लांच्या मदतीने त्यांनी बहुजनविहार उभा केला. नावातच सगळे आहे. तिथे ते फार काळ राहिले नाहीत, पण पोथ्या कोणासाठी उघडायच्या याचा त्यांचा हिशेब तिथे स्पष्ट दिसतो. 'भगवान बुद्ध' हे त्यांचे दोन भागांतले मोठे पुस्तक १९४०-४१ मध्ये नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढले. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणामुळे, ही त्यातली मांडणी. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये गृहत्यागाचे कारण म्हणून हाच रोहिणीचा वाद येतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत बुद्ध आला, त्याच्या आधी सोळा वर्षे हे पुस्तक मराठीत होते.

वर्ध्याशी बुद्धाच्या माणसांचे नाते कोसंबींच्याही आधीचे आणि नंतरचेही आहे. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ च्या ऑक्टोबरात गांधीजींना वर्ध्यातच भेटले. त्यांच्या पंथाचा जपमंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला आणि आजही प्रार्थनेची सुरुवात त्याने होते. त्यांच्याच पंथाने उभारलेला विश्वशांती स्तूप १९९३ पासून वर्ध्यात आहे. सिंहलद्वीपात भिक्षू झालेले भदंत आनंद कौसल्यायन चाळीसच्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. जातककथांचे हिंदी भाषांतर करणारे ते हेच. पुढे १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आलेले सत्यनारायण गोयंका पवनारला विनोबांना भेटले. विनोबांनी त्यांच्या विपश्यनेवर लगेच मान डोलावली नाही. शाळेतली मुले आणि तुरुंगातले कैदी यांच्यावर तिचा परिणाम दाखवा, मग पाहू, अशी कसोटी घातली. १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात शिबिर झाले. गोयंकांच्या बाबतीतही लक्षात ठेवायची गोष्ट ही, की भारतात शिकवायला येण्याआधी ते १९५५ पासून चौदा वर्षे रंगूनमध्ये आपल्या आचार्यांच्या, सयाजी ऊ बा खिन यांच्या, सहवासात होते. आज दहा दिवसांच्या शिबिरात जे मिळते त्याच्यामागे ती चौदा वर्षे आहेत. शिबिराला जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण दहा दिवसांनंतर ज्याला आपला स्वभाव ठाऊक आहे असा कोणी माणूस जवळ असावा, हे बुद्धघोषाचे म्हणणे मला अजून जुने झाले आहे असे वाटत नाही.

आता त्या अखेरच्या महिन्याविषयी. तो टाळून हे पुस्तक करता आले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते. कोसंबींचे शरीर रोगांनी थकले होते. आपल्या हातून आता काही सेवा होत नाही आणि आपण दुसऱ्यांवर भार झालो आहोत, असे त्यांच्या मनाने घेतले होते. जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी खोल विचार केला होता. त्याविषयीचे त्यांचे पुस्तक मरणोत्तर, १९४९ मध्ये आले. जैन परंपरेतल्या संलेखनेच्या वाटेने देह सोडावा म्हणून १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दोहरीघाटला त्यांनी उपवास सुरू केला. गांधीजींनी तो सोडायला लावला. मग उपचार झाले, प्रकृती सुधारली नाही, आणि १९४७ मध्ये सेवाग्रामात त्यांनी पुन्हा अन्न थांबवले. आश्रमातले बलवंतसिंह आणि इतर सोबती त्यांच्याजवळ होते.

मला हा निर्णय पटत नाही, हे इथे लिहून ठेवतो. ज्या बुद्धावर त्यांनी आयुष्य ओवाळले त्याने स्वतः उपासाने शरीर झिजवून पाहिले आणि तो मार्ग सोडला. आणि कोणत्याही थकलेल्या माणसाने आपण भार आहोत असे मानावे, हेच मुळात मला मान्य नाही. सेवाग्रामने परचुरे शास्त्रींसारख्या कुष्ठरोग्याची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली; कोसंबींचीही केली असती. पण माझी असहमती त्यांच्या शांततेचा अनादर करत नाही. त्या दिवसांतली त्यांची एक इच्छा मला अन्नत्यागापेक्षा फार मोठी वाटते. काही विद्यार्थ्यांना पाली शिकायला सिंहलद्वीपात पाठवावे, असे त्यांनी गांधीजींना कळवले होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पैशांवाचून, भाषेवाचून ते स्वतः जिथे गेले होते तिथेच पुढच्या मुलांनी जावे. फक्त या वेळी त्यांच्या मागे कोणीतरी उभे असावे. मरणाच्या दारातही या माणसाच्या मनात विद्यार्थी होता.

'विसुद्धिमग्गा'त मैत्रीचे कर्मस्थान शिकवताना बुद्धघोष क्रम सांगतो. आधी स्वतःवर मैत्री, मग आपल्याला प्रिय आणि पूज्य अशा आचार्यावर. त्याने दिलेले आठवावे, त्याचे गोड बोल आठवावेत. त्यानंतर जिवलग मित्रावर, मग तटस्थावर, शेवटी वैऱ्यावर. म्हणजे स्वतःबाहेर पडणारे पहिले पाऊल आचार्याकडे जाते. आणि तिथेच एक गोष्ट येते. एका तरुण भिक्षूने आपल्या आचार्यावर मैत्री वाढवायला घेतली. काही केल्या चित्त एकाग्र होईना. तो एका वृद्ध स्थविराकडे गेला. स्थविर म्हणाले, ज्याच्यावर मैत्री करतोस तो आहे का ते पाहा. शोध घेतला तर आचार्य वारलेले. मग त्याने दुसऱ्या जिवंत माणसावर मैत्री वळवली आणि चित्त स्थिरावले. गुरू गेल्यावर शिष्याने काय करावे, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत नेमके उत्तर आहे.

बापटांनी तेच केले. कोसंबींनंतर ते चाळीसहून अधिक वर्षे जगले. शांतिनिकेतनात शिकवले, दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा वाहिली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षी, १९५६ मध्ये, भारत सरकारने काढलेल्या ग्रंथाचे संपादन त्यांनी केले. आणि १९७० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, जपानचे अकिरा हिराकावा यांच्यासोबत विनयाच्या अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेतून प्रसिद्ध केले. वुड्स आणि कोसंबींच्या नावांप्रमाणे इथेही दोन नावे शेजारीशेजारी आहेत.

ज्यांनी कोसंबींचे काहीच वाचलेले नाही त्यांच्यासाठी वाचनाचा क्रम सुचवतो. या पुस्तकानंतर आधी 'निवेदन' घ्यावे. धडपडणारा विद्यार्थी भेटल्याशिवाय आचार्य कळत नाही. मग 'समाधिमार्ग' सावकाश, एका वेळी एक कर्मस्थान. 'भगवान बुद्ध' त्यानंतर. आणि कोणाला पाली शिकण्याची इच्छा झाली तर एकट्याने सुरू करू नये. सोबत कोणी तरी घ्यावे, आपल्याहून थोडे पुढचे किंवा थोडे मागचे.